कानस एकाची, नेम दुसऱ्याचा

बंदुका दुरुस्त करणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जाड मिशांचा, घोगऱ्या आवाजाचा कोणीतरी धिप्पाड गडी उभा राहतो. हा मिस्त्री म्हणजे चण बारीक, आवाज मऊ आणि झुरळ दिसलं की खुर्चीवर पाय घेणारा. दुकान तळघरात. तीन पायऱ्या उतरून आत यावं लागायचं, आणि वरच्या आडव्या खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे नुसते पाय दिसायचे. गिऱ्हाईक आत यायच्या आधीच मिस्त्री बुटांवरून ओळखायचा कोण येतंय ते. गेल्या तीन वर्षांत त्याला ओळखीचे पाय पुष्कळ दिसले. ओळखीचे चेहरे त्या मानाने कमीच.

बँका, खजिना, मोठी गोदामं, अशा ठिकाणच्या पहारेकऱ्यांच्या रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे यायच्या. शौकिनांच्या महागड्या हत्यारांना नेम सरकवायचे स्क्रू असतात. ते फिरवले की झालं, शाळेतलं पोरसुद्धा करील. पहारेकऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरला असले लाड नसतात. मागे वरच्या पट्टीत एक खाच आणि नळीच्या टोकावर एक पोलादी पातं. त्या पात्याला माशी म्हणतात. खाचेच्या मधोमध माशी दिसली पाहिजे, माशीच्या डोक्यावर लक्ष्य टेकलं पाहिजे, मग चाप ओढायचा. गोळी तिथे गेली तर ठीक. नाही गेली तर माशी घासायची.

आणि इथेच नवशिके हमखास फसतात. गोळी जिकडे चुकते तिकडेच माशी सरकवायची असते. डावीकडे जात असेल तर माशीची उजवी कड घासायची, म्हणजे उरलेली माशी आपोआप डावीकडे होते. खाली जात असेल तर माशीचं डोकं कमी करायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे ते असं आहे. शिवाय चुकीला माफी नाही. कानस घेते, परत काही देत नाही.

म्हणून मिस्त्रीचा एक नियम होता, आणि तो गिऱ्हाइकाला बसवून, चहा पाजून ऐकवायचा. ‘कानस एकाची, नेम दुसऱ्याचा. ज्याने घासायचं त्याने गोळी मारायची नाही. मारणाऱ्याला सुधारायची घाई नको आणि घासणाऱ्याला मारायची हौस नको.’ हा नियम आपणच काढला असं तो सांगायचा. बायको शेजारी बसलेली असली तर ती मूग गिळून गप्प असायची.

कारण नेम बायकोचा होता. तीस वर्षं. दर रविवारी दोघं शहराबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर जायची. ती कानात कापूस घालून बाकावर बसायची, वाळूच्या पिशवीवर मनगट टेकायची आणि सहा गोळ्या अशा मारायची की जणू भाजी चिरतेय. मग कागद आणून त्यावर पेन्सिलीने लिहायची: रिव्हॉल्व्हरचा नंबर, तारीख आणि ‘दीड बोट डावीकडे’. मिस्त्री तीन वेळा कानस फिरवायचा. पुन्हा सहा गोळ्या. ‘अर्धं बोट.’ पुन्हा एकदा कानस. ‘बस्स. आता हात लावू नका.’ तिने बस्स म्हटलं की तो खरंच हात लावत नसे. एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण त्या बाकावर तिचं ऐकायचा.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. आठ दिवस ताप होता, नवव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. मुलगी आली, पंधरा दिवस राहिली, ‘माझ्याकडे चला’ म्हणाली, एकटीच परत गेली. आता ती दर रविवारी संध्याकाळी फोन करायची. ‘बाबा, जेवलात का?’ ‘हो.’ ‘नीट आहात ना?’ ‘मला काय धाड भरलीय.’ एवढंच. फोन ठेवल्यावर तो थोडा वेळ तिथेच उभा राहायचा, कारण पुढे करण्यासारखं काही नसायचं. दोन माणसांच्या भांड्यात एकाचा स्वयंपाक त्याला अजून जमत नव्हता. रोज उरायचं, आणि तेच सकाळी खायचं.

मग गोळ्या कोण मारत होतं? तोच. दुसरा माणूस शोधायचा म्हणजे आधी कोणाला तरी सांगायला हवं, की आता ती नाही, तुम्ही याल का? हे वाक्य त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. पहिल्या रविवारी तो एकटाच मैदानावर गेला, तिच्या बाकावर बसला आणि मारून आला. दुसऱ्या रविवारीही. नियम गिऱ्हाइकांना मात्र तसाच ऐकवत राहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्या मंगळवारी खिडकीतून जाड तळव्याचे काळे बूट दिसले. बँकेची पहारेकरीण. पस्तिशीची बाई, घरी गुडघ्यांनी अधू झालेली आई. दारात बारा वर्षं उभी राहून तिच्या पाठीचा कणा दाराच्या चौकटीसारखा ताठ झाला होता. महिन्याभरापूर्वी तिची रिव्हॉल्व्हर जरा डावीकडे मारते म्हणून तिने मिस्त्रीकडे दिली होती आणि मागच्याच आठवड्यात परत नेली होती.

‘काका, ही आता उजवीकडे मारते,’ ती म्हणाली. ‘उजवीकडे आणि वर. चांगली तीन बोटं.’

‘शक्य नाही.’

‘मी काल मारून बघितली ना.’

‘तुझा हात बघ आधी. चाप झटकत असशील. परीक्षा जवळ आली की सगळ्यांचे हात असेच होतात.’ आणि वर हसून म्हणाला, ‘नाचता येईना, अंगण वाकडं!’

ती हसली नाही. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी पहारेकऱ्यांची वर्षाची नेमबाजीची परीक्षा होती, आणि गेल्या वर्षी ती कशीबशी निभावली होती. यंदा नापास झाली तर हत्यार काढून घेणार. हत्यार नाही तर बँकेचं दार नाही. मग शहराच्या पार टोकाला गोदामाच्या फाटकावर कायमची रात्रपाळी, आणि घरी आई रात्रभर एकटी. हे तिने मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, ‘म्हणून तर म्हणतो, सराव कर. हत्याराला काही झालेलं नाही.’

शनिवारी ते बूट पुन्हा पायऱ्या उतरले. या वेळी सावकाश.

‘चार दिवस रोज मारतेय,’ ती म्हणाली. तिच्या तर्जनीला फोड आला होता. ‘वाळूच्या पिशवीवर टेकवून मारली. तरी वर, उजवीकडे. मग माझ्या पाळीतल्या जोडीदाराला मारायला दिली. त्याची गेली कुठे? वर, उजवीकडे. दोघांचा हात एकाच बाजूला कसा हो चुकेल, काका?’

‘थांब, तुला कागदच दाखवतो,’ मिस्त्री तोऱ्यात म्हणाला. ‘लेखी पुरावा. घासून झाल्यावर मी स्वतः मारलेला शेवटचा कागद आहे, सहाच्या सहा मधोमध.’

तो आतल्या खोलीत गेला आणि कपाटाचा खालचा खण ओढला. तीन वर्षांचे कागद त्यात एकावर एक पडले होते, एकेका रिव्हॉल्व्हरचे दोनदोन: घासण्याआधीचा आणि नंतरचा. तिचा नंबर शोधता शोधता त्याने आधीचे कागद एका बाजूला काढले. एक काढला: खाली, डावीकडे. दुसरा: खाली, डावीकडे. तिसरा वेगळ्या कारखान्याचा, आखूड नळीचा: खाली, डावीकडे. नवी, जुनी, गंजकी, गुळगुळीत, सगळ्यांची भोकं कागदाच्या त्याच कोपऱ्यात. त्याने मोजले. अडतीस रिव्हॉल्व्हर. अडतीसच्या अडतीस एकाच बाजूला चुकणाऱ्या.

बाहेर ती बाई विचारत होती, दोघांचा हात एकाच बाजूला कसा चुकेल. आणि इथे हातात धरून तो बघत होता, की अडतीस हत्यारं एकाच बाजूला कशी चुकतील. एकाच बाजूला चुकायचं तर चुकणारा एक लागतो. तो एक कोण ते काही कोणी येऊन सांगायला नको होतं. गोळी सुटायच्या क्षणभर आधी, धक्क्याच्या भीतीने, त्याचंच मनगट दबत होतं. तो आपल्या हाताची चूक मोजत होता आणि दुसऱ्यांच्या माशा घासत होता.

‘सापडला का?’ बाहेरून आवाज आला.

‘नाही,’ मिस्त्री म्हणाला. ‘रिव्हॉल्व्हर ठेवून जा. उद्या बघतो.’

ती गेली. तो तिथेच कपाटापाशी खाली बसला, तो दुपार कलेपर्यंत. खोटं कशाला सांगू, पहिला विचार त्याच्या मनात आला तो पळवाटेचाच. झाकली मूठ सव्वा लाखाची. हिची नवी माशी बसवायची, ‘पोलाद कच्चं निघालं’ असं काहीतरी सांगायचं. बाकीचे सदतीस जण ओरडत आलेत थोडेच! पण नवी माशी बसवली तरी ती तपासायला गोळी मारावी लागणार, आणि मारणार कोण? तोच का, दबणाऱ्या मनगटाचा? त्याला कोणीतरी हवं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा हे त्याने स्वतःशी धडपणे कबूल केलं, आणि त्याला एकदम रडू आलं. तो डोळे पुसत पुसत म्हणाला, ‘अगं, मला एकट्याला नाही जमत.’ खोलीत कागदांशिवाय कोणी नव्हतं.

दुसरा दिवस रविवार. तिची पाळी कधी असते ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून सोमवारी सकाळी दार उघडायच्या वेळेला तो बँकेतच गेला. रांग होती. पहारेकरीण दाराशी, कमरेला दुसऱ्या कोणाची तरी रिव्हॉल्व्हर. लोकांसमोर कसं बोलायचं म्हणून मिस्त्री आधी रांगेत उभा राहिला, मग रांग पुढे सरकली तशी त्याची आणखीच पंचाईत झाली, कारण खिडकीपाशी त्याचं काहीच काम नव्हतं. शेवटी तो रांग सोडून तिच्यासमोर आला.

‘हात तुझा नाही, माझा चुकला,’ तो म्हणाला. ‘माझं मनगट दबतं. तीन वर्षं मीच मारतोय आणि मीच घासतोय. तुझी रिव्हॉल्व्हर दोन बोटं चुकत होती, मला पाच दिसली. मी पाच घासली.’

रांगेतले दोघंतिघं वळून बघायला लागले.

‘चार रात्री मी झोपले नाही, काका,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘मला वाटलं, संपलं. मला आता येतच नाही. आईला सांगायचं कसं याची वाक्यं जुळवत होते मी. आणि तुम्ही अंगण वाकडं म्हणून हसलात.’

मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला. साठी उलटलेला माणूस, भर बँकेत, बिनखात्याचा.

‘पाच दिवस आहेत,’ शेवटी तो म्हणाला. ‘मी नवी माशी बसवतो. पण मारावी तुलाच लागेल. मी शेजारी बसून घासीन फक्त.’

‘मारते,’ ती म्हणाली. राग गेला नव्हता. पण दुपारी अडीचला तिची पाळी संपायची, हेही तिने सांगितलं.

त्याने जुनी माशी करवतीने कापली, त्या जागी बारीक चीर पाडली आणि पोलादाचं नवं पातं चांदीच्या डागाने झाळून पक्कं केलं. मुद्दाम उंच आणि रुंद ठेवलं. उंच माशी म्हणजे गोळी खाली जाणार. मग डोकं थोडं थोडं घासत तिला वर आणायची. ‘काडतुसं परीक्षेला मिळतात तीच आण,’ त्याने बजावलं. ‘गोळीचं वजन बदललं की उंची बदलते, पुन्हा बोंब नको.’

बुधवारी दोघं मैदानावर गेली. तिथला रखवालदार मिस्त्रीच्याच वयाचा, तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी त्याने वाळूची पिशवी आणून ठेवली आणि काही न बोलता लांब जाऊन उभा राहिला. पहारेकरीण बाकावर बसली. मिस्त्री तिच्या डाव्या हाताला, मांडीवर कानस. पहिल्या सहा गोळ्या खाली गेल्या, चार बोटं, पण सहाही एका मुठीत मावतील अशा जवळ. बाईचा हात किती चांगला होता ते मिस्त्रीने तेव्हा पाहिलं, आणि आपण तिला काय काय बोललो ते आठवून त्याचे कान तापले. त्याने कानस दहा वेळा फिरवली. तीन बोटं. पुन्हा सहा. दोन बोटं आणि किंचित डावीकडे. उजवी कड चारदा. गुरुवारी पुन्हा. शेवटी अर्धं बोट राहिलं, आणि त्याचा हात पुन्हा माशीकडे गेला.

‘बस्स, काका,’ ती म्हणाली. ‘एवढं मी सांभाळते.’

त्याने कानस बाजूला ठेवली.

रात्री तो सदतीस पत्रं लिहीत बसायचा. सगळ्यांना मजकूर एकच. आपली रिव्हॉल्व्हर वर आणि उजवीकडे मारत असेल तर चूक आपल्या हाताची नसून माझ्या हाताची आहे, कृपया घेऊन यावी. पत्रं टाकली त्या दिवशी त्याला वाटलं, आता दुकानाच्या पायऱ्या कोणी उतरणार नाही. खरं तर उलटं झालं. लोक शिव्या द्यायला का होईना, यायला लागले.

शनिवारी त्याच मैदानावर परीक्षा. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून मिस्त्री कुंपणाच्या तारेपाशी उभा राहिला. बार ऐकू येत होते, पण कोणाचे ते कळत नव्हतं. तासाभराने पहारेकरीण बाहेर आली. तिने लांबूनच दोन्ही हात वर केले, आणि मग इतकी मोठ्याने हसली की शेजारचा शिपाई दचकला. ‘साठातल्या छप्पन्न!’ ती ओरडली. ‘आईला फोन करते आधी!’ ती गेल्यावर मिस्त्री तारेला धरून उभा राहिला.

रखवालदार आतून कागदांची गुंडाळी घेऊन आला. ‘पत्रं पाठवलीस म्हणे.’

‘पाठवली.’

‘बरं केलंस.’ तो घुटमळला. हा माणूस घुटमळलेला मिस्त्रीने कधी पाहिला नव्हता. ‘तुला एक सांगायचं राहिलंय. तीन वर्षं राहिलंय. तुझं मनगट आत्ता नाही दबायला लागलं. पहिल्यापासूनच दबतं.’

‘काहीतरीच काय!’

‘तुझं लग्न झालं त्या वर्षी तोवर गोळ्या मारणारे तुझे उस्ताद वारले, आणि तू स्वतः मारायला लागलास. तीन रिव्हॉल्व्हर परत आल्या होत्या. आठवतंय?’

आठवत होतं. ते तिघेही मालक गाढव होते, असंच मिस्त्री तीस वर्षं सांगत आला होता.

‘तू चहाला गेलास आणि वहिनींनी त्या तिन्ही मारून बघितल्या. सगळ्या गोळ्या गेल्या वर उजवीकडे. मला म्हणाल्या, भाऊजी, यांना कळू देऊ नका. कानस यांच्यासारखी कोणाची नाही. हात खराब आहे हे कळलं तर कानससुद्धा टाकून देतील. आणि दुसऱ्याच रविवारी तो नियम आला. एकाची कानस, दुसऱ्याचा नेम.’

‘तो मी काढला,’ मिस्त्री म्हणाला, पण म्हणतानाच त्याला कळत होतं. तिनेच एकदा बोलता बोलता म्हटलं होतं, तुमचे हात कानशीसाठी जपा, गोळ्या मारून कापायला लागतील. त्याला ते प्रेम वाटलं होतं, आणि थोडी तिची हौसही.

‘दवाखान्यात शेवटी भेटलो तेव्हा म्हणाल्या, यांना एकट्याला मारू देऊ नका,’ रखवालदार म्हणाला. ‘मी हो म्हटलं. मग तू एकटाच आलास, त्यांच्या बाकावर बसलास, आणि माझी छाती झाली नाही. दर रविवारी वाटायचं, आज सांगीन.’

मिस्त्री त्याच्यावर चिडला नाही. चिडायला त्याच्याकडे राग उरलाच नव्हता. सगळा राग घरी चालला होता. तो तसाच चालत निघाला, बस येत होती तरी थांबला नाही. तीस वर्षं! तीस वर्षं हिने ताकास तूर लागू दिली नाही. शेजारी बसून तो शहाणपणा ऐकत राहिली, गिऱ्हाइकांसमोर एकदासुद्धा हसली नाही. त्याला इतका अपमान वाटला आणि इतकं प्रेम वाटलं, की रस्त्यात दोनदा तो मोठ्याने बोलला आणि लोकांनी वळून पाहिलं.

घराचं दार उघडून, चपला न काढता तो आत आला. ‘एकदा सांगायचं तरी मला!’ तो ओरडला. ‘मी काय खाणार होतो का तुला?’ आवाज तीन खोल्यांतून फिरून आला. एवढ्या वर्षांत त्यांची भांडणं पुष्कळ झाली होती, मिटलीही होती. हे एक तेवढं राहून गेलं होतं, आणि त्यात ती बरोबर होती, आणि ते तिला सांगायला आता कुठे जायचं ते त्याला कळेना. मग फोन वाजला. मुलीचा दिवस उद्याचा होता, पण तिने आजच केला होता.

‘बाबा, सहज केला. जेवलात का?’

‘नाही,’ मिस्त्री म्हणाला. ‘मी बरा नाही गं. तुला वेळ आहे का थोडा?’